न चाललेली नोट

देऊळघाटात आलेली नोट लगेच कामाला लागते. बुलढाण्याच्या एटीएममधून सकाळी करकरीत बाहेर पडलेली शंभराची नोट आधी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पडते. तो तिची उभी घडी घालतो आणि बोटांच्या बेचक्यात खोचतो. कुणाच्या तरी पाचशेच्या सुट्ट्यांत ती गावात उतरते, भाजीवालीच्या ओल्या हातातून कनवटीला जाते, तिथून किराणावाल्याच्या गल्ल्यात, तिथून एखाद्या बंडीच्या आतल्या खिशात. त्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी आधीपासून मुक्कामाला असतातच. मोजताना तिला थुंकी लागते, नवरदेवाच्या हारात टाचणी लागते, सोयाबीनच्या पैशांत रबर लागतं. थोड्याच दिवसांत तिचा आवाज जातो. कोऱ्या नोटेला टिचकी मारली की ती कडक बोलते. राबलेली नोट कितीही टिचक्या मारल्या तरी गप्प.

नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो, हे आमच्या कापसाच्या मुलखात सांगितलं की लोकांना नोटेबद्दल उगाच आपुलकी वाटते. शर्टाबरोबर धुतली गेलेली नोट वाळून पुन्हा दुकानात का जाते, याचंही उत्तर त्यांना मिळतं. कापसाला धुण्याचं काय भय!

पैनगंगेकाठच्या या घाटावरच्या गावात, जुन्या नोटा जमवणारा माणूस म्हणून माझी थोडीफार ओळख आहे. ओळख म्हणजे काय, तर लोक हसतात. पैसे खर्च करायचे सोडून हा ते अल्बममध्ये लावतो, यापेक्षा मोठा विनोद गावात वर्षभर होत नाही. पण हसून झालं की तीच मंडळी घरी जातात, ट्रंक उपसतात, पोथीची किंवा कुराणशरीफची घडीची पानं चाळतात आणि संध्याकाळी एखादी नोट घेऊन दारात उभी राहतात.

“भाऊ, पाहा बरं. किती भेटतीन हिचे?”

नोटेचा भाव सांगणं हे मुळात वाईट बातमी देण्याचं काम आहे. माणूस चपला काढून आत येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत लाख असतात. चहा होईपर्यंत ते हजारांवर आणायचे आणि कप खाली ठेवेस्तोवर नोटेवर छापलेल्या आकड्यापर्यंत. एवढं करून त्याने पुन्हा आपल्याकडे चहाला यावं, अशी जागाही ठेवायची.

गेली काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्या नोटांत पहिला मान आहे पाच रुपयांच्या ट्रॅक्टरवाल्या नोटेचा. मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत असतो. त्यात एक तरुण छातीठोकपणे सांगतो की तुमच्या घरी ट्रॅक्टरची पाचाची नोट असेल तर तुम्ही लखपती झालातच. जिथे खऱ्या ट्रॅक्टरचे हप्ते फेडता फेडता माणसाची पाठ वाकते, तिथे कागदी ट्रॅक्टर देऊन खरा ट्रॅक्टर मिळणार म्हटल्यावर ट्रंक कोण उघडणार नाही? मी त्या व्हिडिओवाल्याला दोष देतो, ट्रंक उघडणाऱ्याला नाही.

आता या ट्रॅक्टरची हकीकत. एके काळी पाचाच्या नोटेमागे हरणं होती. नंतर हरणं गेली आणि शेत नांगरणारा ट्रॅक्टर आला. १९९५ साली पाचाची नोट छापणं बंद झालं, २००१ मध्ये ती परत सुरू झाली. पुढच्या बाजूला अशोकस्तंभाच्या जागी गांधीजी आले, मागे ट्रॅक्टर तोच. इतकी वर्षं, इतक्या गव्हर्नरांच्या सह्यांनी ही नोट छापली गेली की देशात तिची वाण कधी पडलीच नाही. जमवणाऱ्याचा पहिला प्रश्न साधा असतो: माझ्यासारखे किती जण ही नोट शोधताहेत, आणि शोधल्यावर किती जणांना ती मिळते? ट्रॅक्टरवाली शोधावी लागत नाही, ती संध्याकाळी चालत दारात येते. राबलेली असेल तर तिची किंमत पाच रुपये. अगदी कोरी असेल तर चहाभज्यांपुरते वर मिळतील. ज्या मोजक्या नोटांना खरंच पैसे पडतात त्या ट्रॅक्टरमुळे नव्हे, नंबर, सही किंवा छपाईची चूक यांच्यामुळे.

आणि ही “कोरी” कशाला म्हणायचं, तिथे खरी गंमत सुरू होते. बैलबाजारात जाणकार बैलाच्या वशिंडाकडे पाहत नाही, ओठ वर करून दात पाहतो. नोटेचंही तसंच आहे. आलेला माणूस मला नंबर दाखवत असतो आणि माझं लक्ष कोपऱ्यांवर असतं. कोपरे टोकदार हवेत. एकदा खिशात गेलेल्या नोटेचे कोपरे गोल होतात आणि ते पुन्हा कुणाच्या बापाला टोकदार करता येत नाहीत. मग नोट तिरकी करून उजेडात धरायची. मधोमध घडी पडली असेल तर तिथली शाई किंचित उडालेली दिसते. काही हुशार लोक घडी इस्त्रीने मोडतात. मग नोट सपाट दिसते खरी, पण छपाईचा उठाव दबून जातो. बोट फिरवलं की लगेच कळतं.

व्यापाऱ्यांच्या भाषेत अशा न वापरलेल्या नोटेला यूएनसी म्हणतात. त्याखाली पायऱ्या लागतात, एक्स्ट्रा फाइन, व्हेरी फाइन, फाइन, अशा उतरत उतरत “गुड”पर्यंत. हे गुड म्हणजे चांगलं असं समजू नका. गुड नोट म्हणजे जिच्याकडे पाहून भिकारीही विचार करील. अमेरिकेत तर एक कंपनी नोट तपासून सत्तरपैकी गुण देते आणि प्लॅस्टिकच्या कोषात सीलबंद करून परत पाठवते. दहाच्या नोटेचा तो मुक्काम पाहिला की आमच्या गावच्या नोटांची फार कीव येते. त्यांच्यापैकी एकही या परीक्षेत पास होणार नाही. सगळ्या कष्टाळू, सगळ्या गुड.

जुन्या भारतीय कोऱ्या नोटांच्या बाबतीत मात्र जमवणारे लोक एक खोड माफ करतात. कडेशी दोन बारीक भोकं असली तरी ती नोट कोरीच धरतात. कारण भोकं वापरामुळे पडलेली नसतात, ती खुद्द बँकेने पाडलेली असतात. बँका शंभर नोटांच्या गड्डीला जाड स्टेपल मारत. ती पिन काढताना रोखपालाची नखं आणि नोटांच्या कडा, दोघांची सारखीच दुर्दशा व्हायची. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने गड्ड्यांना पिना मारणं बंद करायला सांगितलं आणि कागदी पट्ट्या आल्या. तेव्हा त्याआधीच्या नोटेला भोकं दिसली तर घाबरू नका. उलट भोकं नाहीत आणि नोट मात्र कोरी करकरीत, तर मी जरा जास्तच निरखून पाहतो.

या सगळ्यातून निघणारी गोष्ट गावात सांगितली तर कुणाला पटत नाही. नोटेने आयुष्यात जितकं कमी काम केलं, तितका तिचा भाव जास्त. जिने एका तरी लेकराची फी भरली, एका तरी म्हातारीचं औषध आणलं, ती बाजाराच्या लेखी खराब झाली. जी कुणाच्या तिजोरीत जन्मभर झोपून राहिली, ती मौल्यवान. कष्टाचं चीज होत नाही, अशी तक्रार करणाऱ्या माणसाला ही नोटेची रीत दाखवली तर तो म्हणतो, “यात नवीन काय सांगितलं भाऊ?”

नंबरांचं खूळ निराळं. ७८६ हा आकडा “बिस्मिल्लाह”च्या अक्षरांची बेरीज म्हणून शुभ मानतात आणि आमच्या गावात त्याला मान असणार हे उघड आहे. पाकिटाच्या मागच्या कप्प्यात शेवटी ७८६ असलेली दहाची नोट जपणारे कितीतरी लोक इथे आहेत. त्यात हिंदूही आहेत, बरकतीला धर्म नसतो. एका चाचांनी अशी नोट दाखवली तेव्हा मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. नोटांचे नंबर सहा आकडी असतात आणि ओळीने छापले जातात. म्हणजे शेवटी ७८६ येणारी नोट बरोबर हजारात एक. बँकेत दहा गड्ड्यांचं एक बंडल येतं, त्यात हजार नोटा. नंबर ओळीने असतील तर प्रत्येक बंडलात अशी एक नोट असायचीच. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हजारातली एक, बरोबर. पण ती माझ्याकडेच कशी आली?” गणित तिथेच संपलं. ती नोट त्यांच्याकडे आहे, आणि विकायची नाही म्हटल्यावर तिचा भाव मी ठरवणारा कोण?

शेवटी ७८६ असली तर हौशी गिऱ्हाईक दोनपाच रुपये वर देतं. सगळा नंबरच ०००७८६ असेल तर मात्र बोलणं बदलतं, कारण दहा लाखांच्या एका मालिकेत तशी एकच. सहाही आकडे सारखे, किंवा १२३४५६, किंवा पहिलाच ०००००१, यांनाही गिऱ्हाईक आहे. सगळ्यांत अवघडलेली नोट म्हणजे मालिकेतली शेवटची, दहा लाखावी. सहा जणांच्या बाकावर तिथे सात आकडे दाटीवाटीने बसवावे लागतात. काही लोक स्वतःच्या जन्मतारखेची नोट शोधतात. यांना भाव विचारू नये, ते कितीही देतात.

चांदणीच्या नोटांचं असंच. नंबरात अक्षरं आणि आकडे यांच्यामध्ये एक छोटी चांदणी असते. छपाईत एखादी नोट बिघडली तर पूर्वी त्याच नंबरची दुसरी छापून गड्डीत ठेवायचे. २००६ पासून बिघडलेल्या नोटेच्या जागी चांदणीवाली नोट ठेवू लागले, आधी दहा, वीस, पन्नासच्या गड्ड्यांत आणि मग मोठ्या नोटांतही. म्हणजे ती बदली कामगार. मधल्या काळात मोबाइलवर आवई उठली की चांदणीची पाचशेची नोट नकली असते. आमच्याकडे दोन दिवस दुकानदार नोट घेऊन आधी चष्मा लावायचे. २०२३ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की ही नोट इतर कुठल्याही नोटेइतकीच खरी आहे. दुकानदारांनी चष्मा काढला आणि जमवणाऱ्यांनी लावला.

मला स्वतःला नंबरांपेक्षा सह्यांचा नाद आहे, आणि त्यात थोडा मराठी अभिमान मिसळलेला आहे हे लपवत नाही. सहाव्या जॉर्जच्या नोटांवर सी. डी. देशमुखांची सही आहे. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. मूळचे महाडजवळचे, पण आयसीएस झाल्यावर नोकरी मध्यप्रांत-वऱ्हाडात केलेली, म्हणजे एका अर्थी आमच्याच सरकारातले. नोटेवर राजा इंग्लंडचा आणि खाली सही देशमुखांची, हा योग अल्बम उघडला की मला दर वेळी नव्याने आवडतो.

पण भावाच्या दृष्टीने लांब कारकीर्द उपयोगाची नाही. जितका गव्हर्नर अल्पायुषी, तितकी सही दुर्मिळ. बी. एन. आदरकर १९७० मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. तेवढ्यात गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही उमटून गेली. या नोटांवर गांधीजी बसलेले आहेत आणि मागे सेवाग्राम आश्रम आहे, म्हणजे आपल्या विदर्भाची झोपडी नोटेवर गेली ती तेव्हा. त्याच नोटांवर एल. के. झा यांचीही सही सापडते. दोन्ही नोटा शेजारी ठेवल्या तर चित्र तेच, रंग तोच, कागद तोच. आदरकरांची सही असलेली नोट जमवणारा अधिक हावरटपणे उचलतो. के. जी. आंबेगावकरांची गोष्ट याहून मजेशीर. १९५७ च्या सुरुवातीला तेही दीडच महिना गव्हर्नर होते आणि त्या काळातल्या एकाही नोटेवर त्यांची सही नाही. पण रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढत नाही, ती भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थसचिवाची सही असते. आंबेगावकर त्याआधी त्या खात्यात होते, म्हणून रुपयाच्या नोटेवर त्यांची सही सापडते. पद मोठं आणि नोट छोटी! बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांना तर तेही नशिबात नव्हतं. १९३८ च्या जानेवारीत बँकेची पहिली नोट निघाली तेव्हा ते राजीनामा देऊन घरी पोचले होते.

देऊळघाटात मी मनातून ज्या नोटेची वाट पाहतो ती वेगळीच आहे. १९५९ साली हज यात्रेकरूंसाठी रिझर्व्ह बँकेने दहाच्या आणि शंभराच्या खास नोटा काढल्या. त्यांच्यावर “हज” असा शब्द इंग्रजीत छापलेला आणि नंबराआधी एचए ही अक्षरं. आपली नेहमीची शंभराची नोट तेव्हा निळी, हजची लाल. या नोटा भारतात चालत नसत, सौदी अरेबियातच चालत. आखाती देशांत तेव्हा आपला रुपया सर्रास चालायचा, आणि त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात होऊन परकी चलनाची गंगाजळी आटत होती. म्हणून सरकारने देशाबाहेरच्या रुपयाला वेगळे कपडे घातले.

आता भावाचं गणित करा. ज्याच्या हातात ही नोट पडली तो यात्रेला निघालेला माणूस. आयुष्यभराची पुंजी घेऊन मक्केला गेला, तिथे राहण्याखाण्याला, खजुराला, झमझमच्या डब्याला पैसे लागले. शिल्लक ठेवून करायचं काय, परत आल्यावर गावात कुणी घेणार नाही! त्याने ती खर्च केली. सगळ्यांनीच केली. म्हणून आज हजची नोट, त्यातही शंभराची, लिलावात आली की बोली लाखांत जाते. आणि ती जगभर ज्या मोजक्या जागी उरलेली असेल, त्यांतली एखादी जागा वऱ्हाडातल्या कुणा हाजीसाहेबांच्या ट्रंकेचा तळ असायला काय हरकत आहे? ट्रॅक्टरची नोट घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी जाता जाता विचारतो, “आजोबा हजला कधी गेले होते?” लोकांना वाटतं, मी श्रद्धाळू आहे.

दुसरं गाठोडं निझामाचं. आमचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होता, पण जालना आणि औरंगाबादकडे गेलं की निझामाचं राज्य लागायचं. तिकडे निझामाचा हाली सिक्का आणि इकडे इंग्रजांचा कलदार. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, असा हिशेब सरहद्दीवरच्या बैलबाजारात लोक तोंडी करायचे. १९१८ पासून निझामाने स्वतःच्या नोटाही काढल्या. त्या विलायतेत छापून बोटीने यायच्या. १९२२ च्या मे महिन्यात “इजिप्त” नावाची बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीला धडकून बुडाली. तिच्यात सोनं होतं, चांदी होती आणि हैदराबादच्या नोटाही होत्या, सह्या व्हायच्या राहिलेल्या. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोनं वर काढलं, तेव्हा या नोटाही वर आल्या. भिजलेल्या, डागाळलेल्या, सहीशिवाय. घडी नको, डाग नको, कोपरा गोल नको म्हणून अडून बसणारे जमवणारे लोक या बुडालेल्या नोटेपुढे सगळे नियम गुंडाळून ठेवतात. म्हणजे राबून खराब झालेली नोट नको, पण बुडून खराब झालेली चालते. गोष्ट असली पाहिजे, एवढीच अट. यावर मी पुष्कळ विचार केला आणि गप्प बसलो.

नोटबंदीच्या नोटांबद्दलही लोक विचारतात, आवाज खाली आणून. कुणाच्या गव्हाच्या कोठीत, कुणाच्या उशीत २०१६ नंतर सापडलेल्या हजारच्या आणि जुन्या पाचशेच्या. कायदा याबाबत मोठा मनोरंजक आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे कुणालाही अशा दहा नोटा ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी असतील तर पंचवीस. त्यापुढे गेलात तर दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी रकमेच्या पाचपट, यांतला जो आकडा मोठा तेवढा दंड होऊ शकतो. पंधरा नोटांच्या फरकाने माणूस संशोधक होतो, अशी सोय विद्यापीठांतही नाही. आमच्या गावात त्या वर्षीपासून संशोधनाची आवड वाढलेली आहे.

त्या नोटांना भाव? जवळजवळ नाही. ज्या वस्तूचा अख्खा देश एकाच रात्री आठवण म्हणून एकेक नग ठेवायचं ठरवतो, ती दुर्मिळ होत नाही. दोन हजारच्या गुलाबी नोटेचंही तेच होणार आहे. मे २०२३ मध्ये ती मागे घेतल्यावर कित्येकांनी एकेक जपून ठेवली. नातवाला श्रीमंत करायचं असेल तर आज ज्या नोटेकडे कुणाचं लक्ष नाही ती कोरी ठेवा. वेरूळचं लेणं असलेली वीसची नोट आपल्या शेजारच्या जिल्ह्याची आहे, निदान तेवढी तरी.

तेव्हा राजेहो, घरात जुनी नोट निघाली तर तिला इस्त्री करू नका, साबणाने धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशनच्या दुकानात तर मुळीच नेऊ नका. घडी असेल तर असू द्या, नुसती एका साध्या वहीत सपाट ठेवा. लाखो रुपये देतो म्हणून आधी फी, कमिशन किंवा टॅक्स मागणारा फोन आला तर तो ठेवून द्या. आपलं नाव वापरून हे धंदे चालतात आणि आपण अशी कुठलीही रक्कम मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ च्या पत्रकात स्वतःच सांगितलं आहे. ट्रॅक्टरवाली खुशाल बाजारात चालवा, ती अजून चलनात आहे. एचए अक्षरांची निघाली तर मात्र कुणाला न सांगता आधी माझ्याकडे या. चहा मी देईन.